मावशी, ही शेवटचीच मोकळी सुट्टी का?

तू लिहिलंयस की लेक आता नववीत जाणार, पुढच्या मेमध्ये तिची दहावीची व्हेकेशन बॅच, म्हणजे सगळ्यांनी मिळून घालवायची ही शेवटची मोकळी सुट्टी, आणि तुला बँकेतून रजा मिळतेय जेमतेम आठवडाभर. सासूबाई गुहागरजवळ गावी एकट्याच. इकडे ठाण्यात नवऱ्याने धाकट्याला स्विमिंग-अबॅकस आणि लेकीला नववीच्या मॅथ्सची बॅच लावून टाकलीये, ती मोबाईलमधून मान वर काढत नाही, आणि तू रात्री जागून लिस्ट करतेस की पोरांसोबत काय काय करायचं राहिलंय.

अगं, आधी ती लिस्ट फाडून टाक. तुझी भीती खोटी नाहीये, नववीचा शेवटचा पेपर झाला की क्लासवाले आठवडाभरसुद्धा थांबत नाहीत. पण तू 'शेवटची, शेवटची' करत मागे लागलीस ना, तर पोरांना सुट्टी कमी आणि सेंड-ऑफ जास्त वाटेल.

मला विचारशील तर पोरांना आजीकडे पाठव, तुझ्याशिवाय. हे तुला आवडणार नाही माहितीये. पण महिनाभर आजीसोबत राहिली तर तोही फॅमिली टाइमच की, फक्त तू त्या फोटोत नसशील एवढंच. मेचं कोकण रेल्वेचं रिझर्वेशन आत्ता मिळणं कठीण, तेव्हा सरळ एसटी बघ, लेकीला महिला म्हणून अर्धं तिकीट, धाकटा बाराच्या आतला म्हणून त्यालाही अर्धं. नवरा सोडून येऊ दे, त्यालाही आईपाशी दोन दिवस मिळतील.

आणि तिथे त्यांना पाहुण्यासारखं ठेवू नका असं सासूबाईंना आधीच सांग. मेमध्ये घरात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, येतात, ते फोडायचे, बिया वेगळ्या, सालं उन्हात, मग वाळली की रातांब्यांच्याच रसात बुडवून परत उन्हात, असं चालूच राहतं आमसुलं काळी पडेपर्यंत. बोटं लाल होतात, आणि लाल बोटांनी कोण मोबाईल धरतंय! शिवाय ताटांवर आंब्याची साटं वाळत घातलेली असतात, त्यांना राखण लागते (राखणारेच कडा खातात, ते धरून चालायचं). तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला समोर बसवून 'बोल ना माझ्याशी' म्हटलं की ती गप्प बसते, पण असं काहीतरी निवडता-फोडता आपणहून बडबडायला लागते, आणि आजीला तर आईला न सांगितलेलंही सांगते. ते तुझ्या कानावर नाही आलं तरी चालेल.

तुझी रजा मेच्या सुरुवातीला उडवू नकोस, शेवटच्या आठवड्यात टाक. ७-८ जूनला मृग लागतो, त्याआधी कोकणात लाकडं आत घे, वाळवणं डब्यात भर अशी सगळ्या घराची धावपळ असते. तू गेलीस की तुलाही कामाला लावतील, बरंच आहे. पोरं तोवर काळीकुट्ट झालेली असतील आणि तुलाच विहिरीची वाट दाखवतील. शाळा जूनच्या मध्यात, दप्तर-वह्या तीन दिवसांत होतात.

राहिला नवरा. त्याला म्हण, मॅथ्सची बॅच मेमध्ये जे शिकवते ते जूनमध्ये शाळा पहिल्या धड्यापासून परत शिकवणारच आहे. आणि फीचं आजच विचारायला लाव, एकदा बॅच सुरू झाली की क्लासवाले रिफंडचं नाव काढू देत नाहीत.