बुडापेस्टच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला डॉक्टरला पाकीट द्यावं लागतं का, आणि किती?

पाकीट होतं, हे खरं. मी स्वतः दिलंय. २०१६ साली, बुडापेस्टलाच, १ लाख फोरिंट. तेव्हाचे साधारण २४,००० रुपये. तिथल्या सरासरी पगारदाराच्या हातात महिन्याला जे पडायचं, त्याच्या निम्म्याहून जास्त.

आकडा ऑफिसातल्या एका हंगेरियन बाईंनी कॅन्टीनच्या रांगेत सांगितला, भाजीचा भाव सांगावा तसा. डॉक्टर आधी ठरवायचा, तपासण्या त्याच्याकडेच करायच्या, मग ड्यूटी नसली तरी तो रात्री-अपरात्री येतो. पैसे बाळ झाल्यावर, पांढऱ्या पाकिटात, न बोलता. सुईणीचं वेगळं. डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरच्या खोलीत गेलो, तर टेबलाचा ड्रॉवर आधीच अर्धा उघडा. मी पाकीट आत ठेवलं, त्याने कोपराने ड्रॉवर लोटला आणि बाळाच्या काविळीबद्दल बोलत राहिला.

सासूबाई बाळंतपणासाठी आल्या होत्या. जन्मभर सिव्हिलमध्ये नर्स. त्यांना कळलं तेव्हा म्हणाल्या, "मग आमच्या सिव्हिलला कशाला नावं ठेवता हो?" तेव्हापासून हा विषय प्रत्येक दिवाळीला निघतो. त्यांचं म्हणणं असं, की मुलगा झाल्यावर आया पेढ्याचे पैसे मागायच्या ती खुशी. काम झाल्यावर दिलं ती लाच नव्हे. अहो, मग मीही झाल्यावरच दिलं की! तर म्हणतात, डॉक्टरचं वेगळं.

गंमत म्हणजे हंगेरीचा जुना कायदा सासूबाईंच्याच बाजूचा होता. उपचारानंतर दिलेल्या पाकिटाकडे सरकार गुन्हा म्हणून बघत नव्हतं, उलट ते उत्पन्न दाखवून त्यावर कर भरायचा असा नियम होता. (किती जण भरत असतील ते सांगायला नको.) माझं मत सरळ आहे. दर आधीच ठरलेला असेल आणि न देणाऱ्याच्या पोटात गोळा येत असेल, तर ती लाच, मग कधीही द्या. मी लाच दिली. बायको कळा देत असताना तत्त्व सांभाळणारा कुणी असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

"त्या लोकांची वृत्तीच तशी" असं कुणी म्हटलं की मात्र डोकं फिरतं. वृत्ती कसली? कम्युनिस्ट सरकारने दवाखाने ताब्यात घेतले, डॉक्टरांचे पगार मुद्दाम तुटपुंजे ठेवले आणि बाकीचं रोग्यांनी भागवावं म्हणून डोळे मिटले. १९७२ च्या कायद्याने मोफत उपचार हा नागरिकाचा हक्क झाला, पण पाकीट चालूच. शेजारच्या रुमेनियात कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात डॉक्टरला केंट सिगारेटची पाकिटं जायची. १९८९ ला कम्युनिस्ट राजवटी गेल्या, पगार तेवढेच राहिले. त्यातही मलई प्रसूतीवाल्यांना आणि सर्जनला. एक्स-रे, लॅब, पॅथॉलॉजीवाल्यांना कोण पाकीट देणार? तरुण डॉक्टर जर्मनीला, ऑस्ट्रियाला निघून गेले.

मग १ जानेवारी २०२१ पासून हंगेरीने पाकीट देणं आणि घेणं दोन्ही फौजदारी गुन्हा केला आणि त्याच दमात डॉक्टरांचे पगार टप्प्याटप्प्याने भरपूर वाढवायला घेतले. पाकीट बरंचसं थांबलं. वृत्ती एका रात्रीत बदलते होय? नुसता दंडुका उगारला असता तर पाकीट ड्रॉवरऐवजी पार्किंगमध्ये पोचलं असतं, एवढंच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आता देऊ नका, आणि कुणाला आकडाही विचारू नका. अर्थात सगळं आलबेल झालंय असं नाही. तिथले मित्र सांगतात की स्वतःचाच डॉक्टर हवा असणारे आता खासगी क्लिनिकमध्ये जातात, आणि तिथलं बिल माझ्या पाकिटाच्या कितीतरी पट असतं. नर्सेसचे पगारही डॉक्टरांइतके वाढले नाहीत.

किमान वेतनाच्या ५ टक्क्यांपर्यंतची भेटवस्तू कायद्याला चालते, रोख मात्र अजिबात नाही. म्हणजे पेढे चालतात, पेढ्याचे पैसे नाही. सासूबाई, वाचताय ना?

आणि हो, तुम्ही तिथे नोकरीसाठी जात असाल तर तुम्हाला विमा मिळेल, पण नोकरी नसलेल्या बायकोला तो आपोआप लागू होत नाही. ते कंपनीच्या एचआरकडून निघण्याआधी लेखी घ्या.