"तू फक्त नग मोज" असं म्हणतात तेव्हा काय मोजायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात दोन वर्षं तपासणीला आहात. तरी मास्टर, म्हणजे विणाई खात्याचे प्रमुख, म्हणतात, "तू फक्त नग मोज, बाकीचं आम्ही बघतो." मीटिंगला बोलावणं नाही. या कमी लेखण्याचा कामात काही उपयोग करून घेता येईल का?

येईल, आणि चांगला येईल. फक्त "दाखवूनच देते" या ईर्ष्येनं सुरुवात करू नका. ज्या माणसाची कुणी दखल घेत नाही, त्याच्यापासून कुणी काही लपवतही नाही. बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) सैल सुटतोय, सूत वारंवार तुटतंय हे माग दुरुस्त करणारा जॉबर मास्टरांपुढे बोलणार नाही, तुमच्यासमोर सहज बोलून जाईल. आपल्याकडे मागावर बरंचसं बोलणं तेलुगूत चालतं. ती भाषा कळत असेल तर अर्धं काम तिथंच झालं. शिवाय तयार टॉवेल रोज तुमच्या हाताखालून जातो, तसा ऑफिसातल्या कुणाच्याच जात नाही. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. गिऱ्हाईक मात्र वजन आणि लूप (टॉवेलवरचे सुताचे फासे) बघूनच पुन्हा माल घ्यायला येतं, आणि या दोन्ही गोष्टी तुमच्या टेबलावर आहेत.

म्हणून वजनापासून सुरुवात करा. 70 बाय 140 सेंमीचा टॉवेल म्हणजे 0.98 चौरस मीटर. ऑर्डर 450 जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅमची, असेल तर एक नग 441 ग्रॅम भरायला हवा. तो 5 टक्के जड निघाला तर नगामागे सुमारे 22 ग्रॅम सूत जास्त गेलं. 5,000 नगांच्या ऑर्डरमध्ये हे 110 किलो होतं, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. हलका निघाला तर माल परत येण्याची भीती. नग मोजणाऱ्याला हे दिसतं. नुसता गठ्ठा मोजणाऱ्याला दिसत नाही.

एक साधी वही करा. तारीख, पाळी, मागाचा नंबर, बीम कधी चढवला, आणि त्या मागावरच्या 10 नगांची वजनं. काटा 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, आणि रोज सकाळी माहीत असलेलं वजन ठेवून तो तपासायचा. पंधरा दिवसांत एखादा माग सतत वेगळा पडताना दिसेल. जुन्या मागांवर बहुतेक वेळा कारण लूपचं सूत सोडणाऱ्या बीमचा ताण असतो: ताण सैल झाला की लूप उंच येतो आणि वजन वाढतं, घट्ट झाला की लूप बसका आणि टॉवेल हलका.

इथे बरेच जण फसतात. मागावरून उतरलेल्या कोऱ्या टॉवेलात खळ (विणण्याआधी सुताला लावलेली कांजी) असते, ती धुलाईत निघून जाते. कोरा आणि धुतलेला नग एकाच रकान्यात लिहिला की सगळी वही वाया गेली. दुसरं म्हणजे दमटपणा. कापूस हवेतलं पाणी ओढतो, त्यामुळे एप्रिलमधलं आणि जुलैमधलं वजन शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा नाही. मागाची तुलना त्याच दिवशीच्या, त्याच मापाच्या दुसऱ्या मागांशीच करायची. "तुझा काटाच चुकीचा" हे पहिलं उत्तर येणार असं धरून चाला. या दोन गोष्टी पाळल्या असतील तर ते टिकत नाही.

जोडीला एक्यूएलचा तक्ता शिकून घ्या. लॉटमधले किती नग तपासायचे आणि किती सदोष चालतात, हे त्यावरून ठरतं. 1,201 ते 3,200 नगांच्या लॉटला, तक्त्यातली तपासणीची नेहमीची पातळी 2 धरली तर, 125 नग तपासतात. एक्यूएल 2.5 ठरलेला असेल तर 7 सदोष नगांपर्यंत लॉट पास, 8 वा सापडला की नापास. बायरचा इन्स्पेक्टर येण्याच्या दोन दिवस आधी तेवढेच नग, वेगवेगळ्या गठ्ठ्यांतून, तुम्ही स्वतः काढून बघा. वरच्याच गठ्ठ्यातून काढलेल्या नगांचा उपयोग शून्य.

आता हे सांगायचं कसं. यात गडबड झाली तर वही कितीही चांगली असली तरी फुकट. मालकांसमोर, भर मीटिंगमध्ये मास्टरांना उघडं पाडू नका. दुसऱ्या दिवसापासून मागाजवळ जायची सोय बंद होईल. आधी त्यांनाच, एकटे असताना, विचारल्यासारखं सांगा: "सर, 4 नंबरचा माग बाकीच्यांपेक्षा 20 ग्रॅम जड येतोय, बीम बघायचा का?" आणि तेच दोन ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. तारखेची नोंद राहते आणि कुणाला टोचतही नाही. पहिल्यांदा त्यांनी ते स्वतःच्या नावावर खपवलं तर खपवू द्या. तुमच्या आकड्यावर काम झालं हे त्यांना माहीत असतं. दोन-तीनदा सांगूनही हालचाल नसेल, तर महिनाअखेरच्या अहवालात ते किलोमध्ये आणि स्टोअरमधून विचारलेल्या सुताच्या भावाने रुपयांमध्ये लिहा. मालक जीएसएमपेक्षा रुपये लवकर वाचतात.

एक गोष्ट वेगळी ठेवा. बाई म्हणून किंवा जातीवरून अपमान होत असेल, पगार अडवला जात असेल, तर ते सोसून त्याचं "बळ" करत बसायचं नाही. लैंगिक छळाबाबत 2013 च्या कायद्याने 10 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आणि वर्षानुवर्षं गप्प राहून वही भरत राहू नका. चार-सहा महिन्यांच्या नोंदी हातात आल्या की दिवाळीच्या बोनसची बोलणी सुरू व्हायच्या आधी भेट मागा. एका कागदावर मागाचा नंबर, दुरुस्तीआधीचं वजन, नंतरचं वजन, वाचलेलं सूत. पगाराबरोबर पदनामही मागा. पत्रावर "तपासनीस"ऐवजी "गुणवत्ता नियंत्रण" असेल तर चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला गेलात तरी बोलणी नग मोजण्यापासून सुरू होत नाहीत.