चावी कुणाकडे आहे?

मागच्या अंकात कोकणातल्या लहान संग्रहालयांवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांची चळतच आली. सगळ्यांना एकेकट्याने उत्तर देणं जमणार नाही, म्हणून निवडक घेते. ज्यांना मी नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते: इतिहासाची निवृत्त शिक्षिका, मुक्काम चिपळूण, गुडघे दोन्ही कुरकुरणारे, प्रवास शक्यतो एसटीने. सोबत आमचे हे असतात. त्यांना संग्रहालयांचा मनापासून कंटाळा. ते बाहेर पायरीवर बसतात, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा जास्त माहिती घेऊन परत येतात.

ताई, डिसेंबरात तीन दिवसांची सुट्टी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून दहा संग्रहालयांची यादी केली आहे. क्रम कसा लावावा? — एक वाचक, ठाणे

तुमची यादी वाचली. सात नावांवर काट मारा.

रागावू नका. लहान संग्रहालयात वेळ वस्तूंना लागत नाही, माणसाला लागतो. तिथे एकच जण तिकीट फाडतो, पंखा लावतो, कपाटाचं कुलूप काढतो आणि जेवायला घरीही जातो. एका ठिकाणी (नाव सांगत नाही) मी दुपारी एकला पोचले तर दाराला कुलूप. दीड तास पायरीवर बसले. ह्यांनी तेवढ्यात समोरच्या टपरीवर चौकशी केली, 'चावी कुणाकडे असते हो?' चावी तिसऱ्या घरात होती. आदल्या दिवशी फोन केला असता तर दार उघडंच मिळालं असतं. तेव्हापासून कुठेही जायच्या आधी फोन करते.

दुसरं, वार बघा. बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. तुमची सुट्टी शुक्रवार ते रविवार, आणि हे नाव तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलंय.

गोव्यासाठी एक दिवस धरा आणि दक्षिणेतच राहा. सकाळी बोगमाळोच्या रस्त्यावरचं नौदलाचं विमान संग्रहालय. 1998 साली सुरू झालं. जुन्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे, 2016 मध्ये निवृत्त झालेली सी हॅरियर, सगळी अंगणात उभी आहेत. त्यातलं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात गेलं. सरकारी नोकरीत बदल्या होतात तशी त्याची कारकीर्द! दुपारनंतर बाणावलीचं 'गोवा चित्र'. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी शेतीची अवजारं, रगडे, घाणे, भांडी गोळा केली, आणि इमारतीतही पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरली. तोरड्याचं 'हाऊसेस ऑफ गोवा' उत्तरेला आहे, ते पुढच्या खेपेला. घरातल्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या चकत्या का लावत, हे त्या जहाजासारख्या इमारतीत नीट कळतं. पण एकाच दिवशी तिन्ही केलीत तर रात्री तुम्हाला फक्त रस्ते आठवतील.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा पंधरा मिनिटांत पाहून झाला. वस्तू फार थोड्या. एवढं काय आहे त्यात? — एक वाचिका, नाशिक

वस्तू थोड्या आहेत हे खरं. पण तिथली मुख्य वस्तू म्हणजे तो वाडाच, आणि तुम्ही तिच्या आत उभ्या राहून तिलाच शोधत होता.

1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला राणीसकट बाहेर काढलं. पुढच्या वर्षी तो रत्नागिरीत आला. आता उलट बाजू बघा. त्याच्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आधी याच इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला ब्रह्मदेशातल्या रंगूनला नेऊन ठेवलं होतं. आपला बादशहा त्यांच्याकडे, त्यांचा राजा आपल्याकडे. वर्गात मी हे दोन बाण फळ्यावर काढायची, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

हा वाडा त्याला लगेच मिळाला नाही. तो 1910 साली पुरा झाला, म्हणजे चोवीस वर्षं राजा दुसऱ्या बंगल्यांत राहिला. 1916 च्या डिसेंबरात तो वारला. ज्याला आपण त्याचा राजवाडा म्हणतो, त्यात तो जेमतेम सहा वर्षं होता. पुढच्या वेळी हा हिशोब डोक्यात ठेवून जिना चढा. लाकडी काम, अर्धगोल खिडक्या आणि वरून दिसणारी खाडी. एखाद्या खिडकीशी दहा मिनिटं थांबा. मग खाली येऊन रिक्षावाल्याला थिबाची समाधी विचारा, ती गावातच आहे. त्याची नात टूटू रत्नागिरीतच वाढली, मराठी बोलली, इथेच संसार करून म्हातारी झाली. माझ्या लहानपणी तिच्याविषयी बोलणारी माणसं आमच्या नात्यात होती, आणि त्यांच्या बोलण्यात 'राजकन्या' हा शब्द कधी आल्याचं आठवत नाही.

नातू नऊ वर्षांचा आहे. संग्रहालय म्हटलं की 'आजी, बोअर' म्हणतो. कुठे नेऊ? — एक आजी, कोल्हापूर

तुम्ही जवळच्या आहात. आंबोली घाटाने उतरा आणि सावंतवाडीला या.

राजवाड्यात गंजिफा बघायला मिळतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते, हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण 120. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दर अवताराचा एक रंग. त्यात एक राजा, एक प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. नातवाला सरळ मोजायला लावा: 'सात माशांचं पान शोध.' आणखी एक गंमत सांगा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करतो, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा. माझ्या एका विद्यार्थ्याने यावर विचारलं होतं, 'बाई, संध्याकाळी कोण?' मी अजून उत्तर शोधतेय.

ही कला जवळजवळ बुडाली होती. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्वशीलादेवी भोंसले यांनी ती पुन्हा उभी केली. कारागीर रंगवत बसले असतील तर काचेच्या कपाटाकडे वळूच नका. त्यांच्या शेजारी उभं राहायची परवानगी मागा आणि कुंचल्याचं टोक बघत राहा. एवढ्याशा चकतीवर देवाचा डोळा काढताना तो माणूस श्वास रोखतो, तेव्हा नातूही रोखेल. येताना चितारआळीतून, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीतून, एक लाकडी फळ त्याच्या पैशांनी त्यालाच घेऊ द्या. आजीने घेऊन दिलेलं कपाटात जातं.

दुसऱ्या दिवशी पिंगुळी, कुडाळच्या अलीकडे. तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा म्हटल्यावर काही जण नाक मुरडतात. मी म्हणेन, कोकणात गोठ्याइतकी हवेशीर जागा घरात दुसरी नसते. चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवरची चित्रं; कथेकरी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली कथा गात जातो. म्हणून भिंतीवर टांगलेलं चित्र बघून परतू नका, ते अर्धंच आहे. आधी कळवून जा आणि एखादं आख्यान ऐकवाल का असं विचारा. त्याची बिदागी द्या, घासाघीस करू नका. बाहुली नाचते तेव्हा तुमचा नातू बाहुलीकडे बघणार नाही, दोऱ्या धरणाऱ्या बोटांकडे बघेल. बघू द्या.

आणि कधी रत्नागिरीला आलात तर झाडगावचं मत्स्यालय. जिवंत मासे आहेतच, पण तिथला देवमाशाचा सांगाडा मुलांना गप्प करतो. मोठ्यांनाही.

आत फोटो काढू देतात का? — एक वाचक, पुणे

विचारा. नाही म्हणाले तर नाही. जुन्या रंगांना झगझगीत उजेड सोसत नाही, म्हणून फ्लॅश तर कुठेच नको.

गावचं घर मोकळं करतो आहोत. माळ्यावर पायली, शेर, घिरट, इरलं, रोवळ्या असं बरंच निघालं. भंगारवाला वजनावर मागतो. एखाद्या संग्रहालयाला देता येईल का? — एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव राजापूर तालुका)

भंगारवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लावा.

देता येईल, पण लगेच गाडीत घालून नेऊ नका. लहान संग्रहालयांना जागेची अडचण असते, आणि बाराव्या पायलीचं ते तरी काय करतील? फोटो आधी पाठवा. त्याच्याही आधी एक काम करा, ते तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधा. वस्तूचं नाव तुमच्या घरात जे होतं तेच लिहा, पुस्तकातलं नको. कोण वापरायचं, कुठे ठेवलेलं असायचं, शेवटचं कधी वापरलं. घिरटावर भात भरडायला कोण बसायचं तिचं नाव लिहा. पावसात पांघरायचं इरलं घरी विणलेलं की बाजारातलं, तेही.

मापांचं तर कोष्टकच लिहून द्या. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. आमच्या आईला हे झोपेतही येत असे. 1956 च्या कायद्याने दशमान मापं आली, आणि दहाएक वर्षांत ही भांडी माळ्यावर गेली. पण लग्नात नवरी ओलांडते ते माप आपण अजून सोडलेलं नाही! तुमच्या घरातली कुणी सून त्याच शेराला पाय लावून आत आली असेल, तर तेही चिठ्ठीत येऊ दे. चिठ्ठी नसलेला शेर हा नुसता पितळेचा डबा असतो, तो मी बऱ्याच कपाटांत पाहिलाय.

एक वस्तू मात्र घरी ठेवा. रोवळी ठेवा, तांदूळ धुवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगं काही सुचवा. सोबत वडील आहेत, वय 78, फार चालवत नाही. — एक वाचिका, दादर

सासवणे. गेटवेहून लाँचने मांडवा, तासाभराचा प्रवास, पुढे रिक्षा. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, बघा.

सासवण्यात शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर आहे, तेच संग्रहालय. 1891 चा जन्म, गाव हेच. पोरवयात त्यांनी देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते कलेक्टर ऑटो रॉथफेल्डच्या नजरेला पडलं आणि मुलगा जे. जे. स्कूलमध्ये गेला. पुढे कलकत्ता, लंडन. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी शाळेच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा यांचाच. माझगावच्या गोदीत घोड्यासकट एकसंध ओतलेला, पुण्यात 1928 साली उभा राहिला. वडील पुण्यात राहिले असतील तर त्यांना तो आठवेलच, सुरुवात तिथून करा.

पण सासवण्यात मला महाराजांपेक्षा गावातली माणसं आणि जनावरं जास्त आवडतात. कोळीण आहे, ती कुणाच्या तरी हाकेला वळून बघेल असं वाटतं. करमरकरांनी सिमेंटमध्येही पुष्कळ काम केलं. ज्याने आपण संडासाच्या टाक्या बांधतो त्याच सिमेंटमधून या माणसाने मऊ कातडी काढली. जवळ जाऊन बघा, मग चार पावलं मागे या. वडिलांना ओटीवर बसवलंत तरी त्यांना बरंच काही दिसेल.

आमचे हे तिथेही बाहेरच बसले होते. मी अर्ध्या-पाऊण तासाने आले तर अंगणातल्या एका पुतळ्यासमोर उभे. म्हणाले, 'हिच्या पदराची घडी बघ, आमची आत्या अस्सा पदर खोचायची.' सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला संग्रहालयातली वस्तू दाखवली ती ही पहिलीच. परतीची पाचची लाँच आमची चुकली.