कव्हरिंग सिस्टिममध्ये भाजक वेगवेगळेच का लागतात?

तुमचा प्रश्न असा: काही मोजके भाजक आणि त्यांच्या बाक्या घेऊन सगळे पूर्णांक झाकायचे, तर प्रत्येक भाजक वेगळा हवा हा हट्ट कशाला? आणि याचा उपयोग काय?

हट्ट सोडला तर करण्यासारखं काही उरतच नाही. सम आणि विषम, दोन्हीकडे भाजक २, संपलं काम! मी ठाण्यात गणिताच्या शिकवण्या घेतो. परवा ठाणे-वाशी लोकलमध्ये माझी एक विद्यार्थिनी हेच विचारत होती. तिला वहीच्या मागच्या पानावर ० ते ११ लिहायला लावले. २ ने भागून बाकी ०, म्हणजे सगळे सम खोडले. ३ ने बाकी ०: ३, ९, आणि पुन्हा ० आणि ६. ४ ने बाकी १: १, ५ आणि पुन्हा ९. ६ ने बाकी ५: पुन्हा ५, आणि ११. उरला एकटा ७, त्याला १२ ने बाकी ७. रबाळे यायच्या आत पान खोडून झालं. "पण सर, बाराच्या पुढचे?" या पाचही भाजकांचा लसावि १२, म्हणून पुढे तेच चक्र फिरतं. ०, ५, ६ आणि ९ दोनदा खोडले गेले, तेही तिने बरोबर हेरलं. भाजक १ पेक्षा मोठे आणि सगळे वेगळे असले की कुठेतरी असं दोनदा झाकलं जाणं टळत नाही, हे सिद्ध झालेलं आहे.

आता उपयोग, आणि माझ्या मते खरं सौंदर्य इथेच आहे. ७८५५७ ला २ च्या कुठल्याही घाताने गुणा आणि १ मिळवा, मूळ संख्या कधीच मिळत नाही. घातांक सम असला तर उत्तराला ३ ने भाग जातो. ४ ने भागून घातांकाची बाकी १ असली तर ५ ने जातो. पहिलाच घात घ्या: १५७११५, शेवटी ५. दुसरा: ३१४२२९, अंकांची बेरीज २१. उरलेले घातांक असेच बाकीनुसार ७, १३, १९, ३७ आणि ७३ वाटून घेतात, म्हणजे इथे घातांकच झाकले जातात. सात मूळ संख्या मिळून अनंत घातांकांवर पहारा देतात! जॉन सेल्फ्रिज या गणितज्ञाने १९६२ मध्ये हे दाखवलं.

वेगवेगळ्या भाजकांनी झाकण्याची ही कल्पना पॉल एर्डिश या हंगेरियन गणितज्ञाची, १९५० ची. सर्वात लहान भाजक हवा तेवढा मोठा ठेवता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. येत नाही, असं बॉब हफ या गणितज्ञाने सिद्ध केलं. २०१५ मध्ये छापून आलेल्या त्याच्या निबंधात सर्वात लहान भाजकाची मर्यादा १० चा सोळावा घात होती, पुढे इतरांनी ती ६,१६,००० वर आणली. सगळे भाजक १ पेक्षा मोठे, वेगळे आणि विषम असतील असं झाकण मात्र आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि ते अशक्य आहे हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. वहीचं एक पान घेऊन ३, ५, ७, ९ पासून सुरुवात करून बघा. किती मोकळ्या जागा उरतात ते लगेच दिसेल.