पाहुण्यांसह स्कॅलप आणि मासेमारी: होडीतला दिवस कसा आखावा?

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात टॅम्पाजवळ राहतो. येत्या जुलैमध्ये रत्नागिरीहून माझे मामा-मामी, त्यांची मुलगी, जावई आणि पाच वर्षांचा नातू आमच्याकडे येत आहेत. माझी आई आधीच येथे आली आहे. मामांचे बालपण खाडीकाठी गेले असून ओहोटीला तिसऱ्या काढण्यात त्यांचा हातखंडा आहे, त्यामुळे त्यांना क्रिस्टल रिव्हरला नेऊन स्कॅलप (तिसऱ्यांसारखेच शिंपल्यात राहणारे समुद्री जीव) गोळा करावेत आणि त्याच दिवशी मासेही पकडावेत, असे मनात आहे. मात्र आईला मधुमेह आहे व पोहता येत नाही, आणि मामी शाकाहारी आहेत. आम्हा आठ जणांचे हे एका दिवसात जमेल का? परवाने कोणी काढायचे? होडी स्वतः चालवावी की कॅप्टनसह घ्यावी?

उत्तर : जमेल; मात्र किती स्कॅलप मिळतील याचा हिशेब करण्याआधी कोण पाण्यात उतरणार, कोण होडीत बसणार आणि कोणाला किनाऱ्यावरच बरे वाटेल, हे ठरवावे. बहुतेक कुटुंबे याच्या उलट करतात, आणि मग भर उन्हात चार माणसे पाण्यात मजेत असतात व उरलेली चार होडीच्या छताखाली घड्याळाकडे पाहत बसतात.

तारखेपासून सुरुवात करू. क्रिस्टल रिव्हर व होमोसासा ही दोन्ही गावे सिट्रस काउंटीत (जिल्ह्यात) येतात आणि तेथील स्कॅलपचा हंगाम 1 जुलै ते 24 सप्टेंबर असा असतो. उत्तरेकडे स्टीनहॅचीच्या बाजूला तो 15 जूनला उघडून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, म्हणजे लेबर डेला संपतो. तुम्हाला जवळच्या पास्को काउंटीत मात्र 10 जुलै ते 18 ऑगस्ट एवढीच मुभा आहे. फ्लोरिडा फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन कमिशन हे नियम ठरवते आणि त्यांत बदल होऊ शकतो, म्हणून निघण्यापूर्वी आयोगाचे संकेतस्थळ पाहावे. 4 जुलैच्या सुटीत या किनाऱ्यावर होड्यांची अक्षरशः जत्रा भरते, तेव्हा तो आठवडा टाळून मधला वार निवडा. पाहुण्यांपैकी कोणी श्रावण पाळत असेल, तर पंचांगही पाहून घ्या. पकडलेले स्कॅलप समोर असताना ताटात वरणभात घेऊन बसण्याची वेळ पाहुण्यांवर येऊ नये.

आता होडी. कॅप्टनसह मिळणाऱ्या लहान होड्यांपैकी बहुतेकांना अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमानुसार सहापेक्षा अधिक प्रवासी नेता येत नाहीत, आणि पाच वर्षांचे मूलही त्या सहांत मोजले जाते. तुम्ही आठ जण आहात. त्यामुळे एक तर दोन होड्या घ्याव्या लागतील, किंवा मोठी पाँटून होडी (पोकळ तरंगत्या नळ्यांवरची सपाट होडी) भाड्याने घेऊन ती तुमच्यापैकी कोणीतरी चालवावी लागेल, किंवा दोघांनी किनाऱ्यावर थांबावे लागेल. माझा कल तिसऱ्या पर्यायाकडे आहे, पण एका अटीवर: आईंना आणि मामींना आधी मोकळेपणाने विचारा, त्यांच्या वतीने उत्तर गृहीत धरू नका. जवळच होमोसासा स्प्रिंग्ज वाइल्डलाइफ स्टेट पार्क आहे; तेथे पाण्याखालच्या काचेच्या दालनातून झऱ्यातले मासे आणि मॅनाटी (पाण्यात राहणारे मोठे सस्तन प्राणी) अगदी समोर दिसतात, सावली आहे, बसायला जागा आहे. ज्यांना मासे खायचे नाहीत आणि लाटांवर हेलकावेही खायचे नाहीत, त्यांच्यासाठी ही सकाळ होडीतल्या सकाळीपेक्षा नक्कीच सुखाची जाईल. दोघींचा मात्र बरोबर येण्याचा आग्रह असेल, तर सरळ दोन होड्या घ्या आणि त्यांतली एक केवळ मासेमारीसाठी ठेवा.

स्वतः होडी चालवण्याचा विचार असेल, तर चालवणाऱ्याचा जन्म 1 जानेवारी 1988 रोजी किंवा त्यानंतर झाला असल्यास दहा किंवा अधिक अश्वशक्तीच्या इंजिनासाठी नौकाविहार सुरक्षेचे ओळखपत्र लागते. त्याहून मोठी अडचण तळाची आहे. हा किनारा मैलोगणती उथळ आहे, ठिकठिकाणी चुनखडीचे खडक आहेत, आणि ज्या समुद्रगवतात स्कॅलप राहतात ते प्रोपेलरने उकरले गेले तर भरून यायला वर्षे लागतात. संरक्षित जलक्षेत्रात ते कायद्यानेही महागात पडते. या पाण्याची ओळख नसलेल्याने पाहुण्यांना घेऊन पहिला प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅप्टन घेण्याचा आणखी एक फायदा परवान्यांत आहे. होडीकडे वैध चार्टर परवाना (पैसे घेऊन प्रवाशांना मासेमारीला नेण्याचा) असेल, तर प्रवाशांना खाऱ्या पाण्यातील मासेमारीचा वेगळा परवाना काढावा लागत नाही. तरीही आरक्षण करताना हे विचारून खात्री करून घ्या. भाड्याची होडी स्वतः चालवल्यास मात्र 16 वर्षे व त्यावरील जो कोणी गळ टाकेल किंवा स्कॅलप उचलेल, त्या प्रत्येकाला परवाना हवा. फ्लोरिडाच्या रहिवाशांसाठी तो वर्षाला 17 डॉलरला मिळतो. पाहुण्यांना अनिवासी म्हणून तीन दिवसांचा 17 किंवा सात दिवसांचा 30 डॉलरला घ्यावा लागेल. ‘पासष्टीच्या पुढे परवाना लागत नाही’ असे कोणी सांगेल, पण ही सवलत फक्त राज्यातील रहिवाशांना आहे, मामांचे वय काहीही असले तरी ते त्यात बसत नाहीत. नुसते होडीत बसून गंमत पाहणाऱ्याला काहीच लागत नाही.

मर्यादेबाबत मामांना आधीच सांगून ठेवा, कारण खाडीत टोपली भरेपर्यंत तिसऱ्या काढणाऱ्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. माणशी दिवसाला शिंपल्यांसह दोन गॅलन किंवा काढलेले मांस एक पिंट, आणि पूर्ण होडीमागे जास्तीत जास्त दहा गॅलन किंवा अर्धा गॅलन मांस, असा नियम आहे. होडीची मर्यादा ही माणशी मर्यादेच्या वर मिळणारी भर नव्हे. तुमच्यापैकी पाच मोठ्यांनी आळीपाळीने पाण्यात उतरून आपापला वाटा उचलला, तर होडीची मर्यादा तेथेच संपते. शिंपले हाताने किंवा लहान जाळीच्या झेल्याने उचलायचे असतात. किमान आकाराचा नियम नसला तरी अगदी लहान शिंपले सोडून द्यावेत. हा जीव जेमतेम वर्ष-दीड वर्ष जगतो आणि पुढच्या हंगामाची पैदास त्याच्यावरच अवलंबून असते.

दिवसाचा क्रम असा ठेवावा. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर दुपारी विजांसह वादळी पाऊस नेहमीचा आहे, म्हणून उजाडताच निघून एकपर्यंत धक्क्यावर परतावे. पहिले दोन तास मासेमारीला द्या. त्या वेळी ऊन तिरपे असल्यामुळे पाण्याचा तळ नीट दिसत नाही आणि गवताच्या कडेला ठिपकेदार सीट्राउट मासा गळाला चांगला लागतो. या भागात तो 15 ते 19 इंच लांबीचा ठेवता येतो (त्याहून मोठा पूर्ण होडीमागे एकच), माणशी पाच. मोजपट्टी हाताशी ठेवा आणि लहान मासा ओल्या हाताने धरून लगेच सोडा. पाच वर्षांच्या मुलासाठी मोठ्या माशाची वाट पाहू नका. लहान गळ, कोळंबीचा तुकडा आणि पिनफिश नावाचा तळहाताएवढा मासा, एवढ्यावर त्याची सकाळ भरून जाते. पिनफिशच्या पाठीचे काटे टोचतात, तेव्हा गळ मोठ्यांनीच सोडवावा. साडेनऊ-दहाच्या सुमारास ऊन वर आले की सगळे गळ आत घ्या आणि मगच माणसे पाण्यात उतरवा. पोहणारी माणसे आणि टाकलेले गळ एकाच वेळी एकाच पाण्यात असू नयेत.

माणसे पाण्यात असताना लाल रंगावर पांढरा तिरपा पट्टा असलेला डायव्हर्स-डाउन झेंडा होडीच्या सर्वांत उंच जागी लावणे बंधनकारक आहे, आणि शेवटचा माणूस वर आला की तो उतरवणेही तितकेच बंधनकारक आहे. उघड्या पाण्यात त्या झेंड्यापासून 300 फुटांच्या आतच राहायचे. सहा वर्षांखालील मुलाला 26 फुटांपेक्षा लहान होडी चालू असताना लाइफ जॅकेट घालणे कायद्याने सक्तीचे आहे. नातवाच्या अंगावर ते होडी थांबल्यावरही राहू द्या. कॅप्टन असला तरी घरातला एक मोठा माणूस कायम होडीत मुलाजवळ असावा.

स्कॅलप साधारण चार ते दहा फूट पाण्यात, गवताच्या टोकांवर किंवा गवत आणि वाळूचा पट्टा मिळतो तेथे बसलेले असतात. पहिला सापडेपर्यंत सगळे तपकिरी हिरवेच दिसते. मग अचानक किंचित उघडलेल्या शिंपल्याच्या कडेने निळ्या ठिपक्यांची ओळ चमकते. ते त्याचे डोळे. हात नेताच तो शिंपले टाळ्यांसारखे मिटत-उघडत पळ काढतो, पण फार दूर जात नाही. चष्मा लावणाऱ्याला साध्या मास्कमधून यातले काही दिसणार नाही, म्हणून नंबराचा मास्क आधी मागवावा. आणि मामांना भरघोस मिशी असेल, तर वरच्या ओठापाशी पाणी शिरते, तेथे थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे. आदल्या दिवशी तरणतलावात मास्क व श्वासनळीचा सराव करून घेतल्यास समुद्रातला अर्धा तास वाचतो. वाळूत पाय टेकवायची वेळ आली तर पाय उचलून न टाकता घासत चालावे, म्हणजे तळाशी दडलेला स्टिंगरे (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच बाजूला होतो.

आईंबाबत एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी. उन्हाळ्यातील कोमट खाऱ्या व मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जिवाणू असू शकतो. तो जखमेतून किंवा कच्च्या शिंपल्यांतून शरीरात जातो, आणि यकृताचे विकार किंवा मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका अधिक असतो. पायाला साधी चीर असली तरी त्यांनी पाण्यात पाय सोडून बसू नये, आणि कोणीही स्कॅलप कच्चा खाऊ नये. पाहुण्यांच्या प्रवासी विम्याचे कागद फोनमध्ये असू द्यावेत. आणखी एक प्रश्न, जो संकोचाने कोणी विचारत नाही: होडीवर स्वच्छतागृह आहे का आणि पाण्यातून वर चढायला भक्कम शिडी आहे का, हे आरक्षणाच्या फोनवरच विचारा.

पकडलेले स्कॅलप बर्फाच्या पेटीत ठेवावेत, पण वितळलेल्या गोड्या पाण्यात बुडू देऊ नयेत. गारव्याने शिंपले आपोआप थोडे उघडतात आणि सुरी सहज आत जाते. वरच्या शिंपल्याला चिकटलेला स्नायू कापून शिंपला उघडायचा, चमच्याने काळपट भाग कडेपासून ओढून काढायचा आणि मधली पांढरी गोल वडी तेवढी ठेवायची. मामांना येथे मोह होईल, कारण तिसरी आपण अख्खी खातो. येथे मात्र फक्त ती वडीच खावी. दहा गॅलन साफ करायला घरच्यांची संध्याकाळ जाते, म्हणून धक्क्यावर पैसे घेऊन साफ करून देणारे असतील तर खुशाल त्यांना द्यावे. शिंपले धक्क्याजवळ किंवा पोहण्याच्या जागी टाकू नयेत. स्वयंपाकात एकच पथ्य पाळा: ओल्या नारळाचे वाटण घालून सुके करायचे असेल, तर मसाला पूर्ण शिजवून घ्या आणि स्कॅलप शेवटची दोन-तीन मिनिटेच घाला, नाहीतर ते रबरासारखे चिवट होतात.

प्रश्न : आमचे पाहुणे दिवाळीच्या सुमारास येणार आहेत. तेव्हा स्कॅलप मिळतील का?

उत्तर : नाही. राज्यातील सर्व भागांतला हंगाम 24 सप्टेंबरपर्यंत संपलेला असतो आणि त्यानंतर एकही स्कॅलप ठेवणे बेकायदेशीर आहे. मासेमारीला मात्र तो काळ जुलैपेक्षा कितीतरी सुसह्य असतो; चक्रीवादळांचा हंगाम 30 नोव्हेंबरपर्यंत चालतो, तेव्हा होडी आरक्षित करताना हवामानामुळे रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते, एवढे लेखी घ्यावे.