नफ्याचा पैसा शोधताना

सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेली वर्षअखेरची पत्रके आणि त्यांच्यासोबतचा तुझा प्रश्न मी काळजीपूर्वक वाचला. हिशेबनीस 150 हजारांचा नफा झाल्याचे सांगतात, नफा-तोटा पत्रकातही तो दिसतो, आणि तरी बँकेत पुढच्या पगारापुरतीही शिल्लक नाही, तेव्हा कुठेतरी चूक असावी अशी तुला शंका आहे. आकडे मी पुन्हा जुळवून पाहिले. हिशेबात चूक नाही. नफा म्हणजे हातात आलेली रोकड, ही समजूत मात्र तू आता सोडली पाहिजेस.

नफा-तोटा पत्रकात विक्री धरली जाते ती माल देऊन बिल केल्याच्या दिवशी, पैसे आल्याच्या दिवशी नव्हे. त्याचप्रमाणे विकत घेतलेला माल विकला जाईपर्यंत खर्चात येत नाही; तोवर तो ताळेबंदात, म्हणजे धंद्याकडे काय आहे आणि तो कोणाचे किती देणे लागतो हे दाखवणाऱ्या पत्रकात, मालसाठा म्हणून उभा राहतो. कर्जाच्या हप्त्यातले फक्त व्याज खर्चात पडते, मुद्दल पडत नाही, आणि घरखर्चासाठी तू केलेली उचल भांडवलातून वजा होते. उलट घसारा खर्चात धरला जातो, पण त्यासाठी त्या वर्षी कोणालाही पैसे दिलेले नसतात. यंत्राची किंमत पूर्वीच चुकती झालेली असते आणि तिचा एकेक हिस्सा दरवर्षी खर्ची टाकला जातो, एवढेच.

आता तुझेच आकडे घे; ते सर्व हजारांत आहेत. विक्री 1,000, विकलेल्या मालाची किंमत 600, म्हणून ढोबळ नफा 400. इतर खर्च 250, त्यात घसारा 50. उरला निव्वळ नफा 150. त्यात घसाऱ्याचे 50 परत मिळव, म्हणजे 200 झाले. ग्राहकांकडील येणी वर्षभरात 120 वरून 300 वर गेली, म्हणजे 180 त्यांच्याकडे अडकले. मालसाठा 110 वरून 200 झाला, तिथे आणखी 90 गुंतले. पुरवठादारांची देणी 100 वरून 140 झाली, म्हणजे तेवढे 40 तूर्त तुझ्याकडे राहिले. 200 मधून 180 आणि 90 वजा कर, 40 मिळव: उत्तर उणे 30. ज्या धंद्याने 150 नफा दाखवला, त्याच धंद्याच्या रोजच्या व्यवहारातून 30 बाहेर गेले. त्यावर कर्जाचे मुद्दल 60 आणि तुझी उचल 50. सुरुवातीची रोख 160 होती, ती 20 वर आली ती अशी. हीच मांडणी रोख प्रवाह पत्रकात असते. तुझ्या हिशेबनीसांनी ते केलेले नाही; ते त्यांच्याकडून आग्रहाने मागून घे, कारण नफा आणि रोख यांच्यामधला रस्ता फक्त त्याच कागदावर दिसतो.

ताळेबंद हे वर्षाचे नव्हे, एका दिवसाचे चित्र आहे. मत्ता, म्हणजे धंद्याच्या मालकीचे आणि त्याला येणे असलेले सर्व काही, एका बाजूला, देणी आणि भांडवल दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही बेरजा सारख्या. प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची, म्हणजे दुहेरी नोंदीची, ही पद्धत इटलीतील व्यापारी पूर्वीपासून वापरत होते. लुका पाचोली या गणितज्ञाने 1494 मध्ये व्हेनिस येथे तिचे विवेचन छापून प्रसिद्ध केले. पाच शतकांनंतरही तिच्याहून सोयीची रीत कोणाला सापडलेली नाही, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. पण बेरजा जुळल्या म्हणून ताळेबंद खरा ठरत नाही. एखादे खरेदीचे बिल मुळात नोंदलेच नाही, किंवा दुरुस्तीचा खर्च चुकून यंत्राच्या खात्यात टाकला, तरी दोन्ही बाजू तितक्याच बिनचूक जुळतात.

म्हणून प्रत्येक ओळीपाशी थांबून, तिच्यामागे प्रत्यक्ष काय आहे हे विचारत जा. तुझी चालू मत्ता, म्हणजे वर्षभरात रोख होईल अशी धरलेली मत्ता, 520 आहे: येणी 300, मालसाठा 200, रोख 20. वर्षभरात फेडायची देणी, कर्जाचे पुढचे मुद्दल धरून, 200. 520 ला 200 ने भागले की चालू गुणोत्तर 2.6 येते. दोनच्या वरचे गुणोत्तर सहसा सुखाचे मानतात, आणि नेमका इथेच माणूस फसतो. 300 येणी म्हणजे सुमारे 110 दिवसांची विक्री, तू ग्राहकांना मुदत दिली आहेस 45 दिवसांची. मालसाठा चार महिन्यांच्या खपाइतका आहे. यांतला किती पैसा वेळेवर हातात येईल, हे गुणोत्तर सांगत नाही.

धंद्याच्या सुरुवातीच्या काळात एका मोठ्या ग्राहकाची थकबाकी माझ्या ताळेबंदात दोन वर्षे जशीच्या तशी उभी होती. दरवर्षी ती मत्ता म्हणून मोजली, तिच्यावर बेतलेला नफा उचलला, आणि शेवटी ती बुडीत खाती टाकावी लागली तेव्हा आधी उचललेले पैसे कर्ज काढून भरावे लागले. त्या वर्षी दोन चांगली माणसे मला कामावरून कमी करावी लागली. येण्यांचा आकडा नुसता बेरजेने वाचू नये असे मी इतके कळकळीने सांगतो, ते यासाठी.

ढोबळ नफ्याचे प्रमाण 40 टक्के आहे. ते गेल्या वर्षाशी ताडून पाहा. ते घसरले असेल तर दोष खरेदीच्या दरात किंवा तू दिलेल्या सवलतींत शोध, कचेरीच्या खर्चात नको.

विक्री वाढवण्यासाठी नवे कर्ज घ्यावे का, असेही तू विचारले आहेस. त्याआधी दोन कागद तयार कर. पहिला, ग्राहकवार येण्यांची यादी: बिलाची तारीख, आणि 45 दिवसांच्या आतली, 45 ते 90 दिवसांची व त्याहून जुनी रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत. दुसरा, गोदामात स्वतः उभे राहून केलेली मालाची मोजणी, ज्यात सहा महिन्यांत न हललेल्या वस्तूंपुढे खूण असेल. हे दोन्ही मला पाठव. तोवर कर्जाच्या अर्जावर सही करू नकोस. तुला हव्या असलेल्या रकमेचा बराच भाग त्या पहिल्या यादीतच निघेल असा माझा अंदाज आहे.

तुझा हितचिंतक