झालं म्हणजे किती झालं?

चिरंजीव,
सप्रेम आशीर्वाद.

बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या नव्या शेडचं काम तुझ्याकडे आलं, फार आनंद झाला. पहिल्या आठवड्यापासूनच मोजायची सवय लागावी म्हणून लगेच लिहितो आहे.

साइटवर तू विचारशील, फूटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, कुठवर आलं? गवंडी म्हणेल, 'झालं की.' काँक्रीटसाठी फळ्या ठोकणारा सेंट्रिंगवाला कन्नडात तेच म्हणेल, 'आयतु री.' दोघंही खरंच बोलतात. एकाच्या मनात काँक्रीट ओतून झालेलं असतं, दुसऱ्याच्या मनात फळ्या निघालेल्या असतात. पाणी मारणं मात्र कुणीच धरत नाही. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल हवी, फ्लाय ॲश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेल्या सिमेंटला 10. म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच प्रत्येक कामापुढे 'झालं' कशाला म्हणायचं ते वहीत लिहून ठेव, मराठीत आणि कन्नडातही.

टक्के विचारू नकोस. टक्क्यांत काम 90 पर्यंत झरझर जातं आणि तिथंच मुक्काम ठोकतं, कारण अंदाजाला कुणी टेप लावलेला नसतो. काम लहान तुकड्यांत पाड, एक तुकडा आठवडा-दोन आठवड्यांपेक्षा मोठा नको. पुरा झाला तर पूर्ण किंमत, नाहीतर शून्य. 24 पैकी 15 फूटिंग पुरी झाली असतील तर 15 चीच किंमत धर, सोळाव्याची सळई बांधून तयार असली तरी.

आता हिशेब बघ. शेडचं अंदाजपत्रक 60 लाखांचं आणि मुदत 12 आठवडे समज. सहाव्या आठवड्याअखेर 30 लाखांचं काम व्हायला हवं होतं आणि खर्च पडला 28 लाख. मालकांना वाटेल, 2 लाख वाचले. पण झालेल्या तुकड्यांची अंदाजपत्रकातल्या दराने किंमत काढली तर भरते 21 लाख. म्हणजे रुपया घातला की 75 पैशांचं काम हाती येतंय. वेळेतही 30 च्या जागी 21, म्हणजे 0.70. खर्चाची हीच चाल राहिली तर 60 भागिले 0.75, शेड 80 लाखांना पडेल. उरलेलं 39 लाखांचं काम शिल्लक 32 लाखांत बसवायचं तर दर रुपयामागे 1.22 रुपयांचं काम निघायला हवं. 75 पैशांवर चाललेली साइट एकाएकी तिथं पोचत नाही. मालकांच्या कानावर हे सहाव्याच आठवड्यात घाल. तेव्हा काही बदलता येतं, दहाव्यात फक्त पैसे मागता येतात.

या हिशेबाला अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची किंमत, म्हणतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 मध्ये 35 निकष ठरवून ती कंत्राटदारांना लावली. आपल्या शेडला तीन आकडे पुरतात: व्हायचं होतं किती, झालं किती, खर्च किती.

चुकतं कुठं, तेही सांगतो. सळई साइटवर येऊन वापरून होते आणि बिल महिन्याने येतं. मधल्या काळात खर्च कमी दिसतो आणि सगळे सुखात असतात. मालाबरोबरचं चलन (पोच-पावती) आलं त्याच दिवशी खर्च धर. मूळ अंदाजपत्रक खोडू नकोस, वाढीव काम वेगळ्या पानावर घे. आणि वेळेचा तो आकडा (झालं भागिले व्हायचं होतं) शेवटी फसवतो: तीन महिने उशिरा पुरी झालेली शेडही 60 ला 60, म्हणजे 1 च दाखवते. शेवटच्या टप्प्यात कॅलेंडर बघ.

दर आठवड्याला सारखे 5 लाख असं नियोजनही करू नकोस. जूनमध्ये पावसाने धरलं की खड्डे भरतात, खोदाईचा आठवडा पंपातच जातो. खानापूरकडच्या जांभ्यातला खड्डा आणि बैलहोंगलच्या काळ्या मातीतला खड्डा एका मापाने तोलू नकोस.

एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कमी आकडा सांगणाऱ्या मिस्त्रीला चारचौघांत बोलू नकोस. एकदा बोललास की पुढच्या आठवड्यापासून तो तुला हवा तोच आकडा देईल, आणि आजारी पंप, न आलेली माणसं, वाकडी बसलेली फळ्यांची पेटी यातलं काहीच तुला कळणार नाही.

मोजणी शुक्रवारी, उजेड असताना कर, शनिवारच्या बाजाराआधी पगार वाटायचा असतो. ठेकेदाराचा माणूस बरोबर घे, पानावर त्याचीही सही घे. पहिल्या चार आठवड्यांची पानं मला पाठव, खाडाखोड असली तरी चालेल.

तुझा,
काका